हॅनवेल, १८३९: आठशे पेशंटच्या इस्पितळातले पट्टे सुटले त्यामागचा हिशोब

लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल नावाचं गाव होतं, आता ते शहरातच आलंय, साउथॉल आणि ईलिंगच्या मधे, आपले बरेच भारतीय लोक त्या बाजूला राहतात. तिथल्या कालव्याच्या कडेने चालत गेलं तर एक लांबच लांब जुनी विटांची भिंत लागते, त्यात एक बुजवलेली कमान दिसते. तिथून पूर्वी कोळशाच्या बोटी आत जायच्या. भिंतीत खाली भोकं पण ठेवलीयत, आत आग लागली तर कालव्यातलं पाणी घेता यावं म्हणून. ही मिडलसेक्स काउंटीच्या वेड्यांच्या इस्पितळाची भिंत. इस्पितळ १८३१ मधे सुरू झालं, पुढे त्याचं नाव सेंट बर्नार्ड्स झालं. तिथे १८३९ च्या उन्हाळ्यात जे घडलं ते प्रकरण इथे सविस्तर मांडतोय, कारण मनोरुग्णालयाचा इतिहास म्हटलं की दयाळू डॉक्टर आला, त्याने साखळ्या तोडल्या, सगळे रडले असंच सांगितलं जातं, आणि त्यात खरा मुद्दा हरवतो. हॅनवेलला दया होतीच, पण काम झालं ते माणसं वाढवून, पगारावर भांडून आणि रोजचा आकडा लिहून घेऊन.

आधी हे इस्पितळ का बांधलं ते बघू. तेव्हा इंग्लंडमधल्या गरीब मनोरुग्णांना गावाच्या खर्चाने खाजगी मालकांच्या घरांत ठेवायचे, माणशी आठवड्याचे ठराविक पैसे देऊन. लंडनच्या बेथनल ग्रीनमधे वॉरबर्टन नावाच्या मालकाचं असंच एक मोठं ठिकाण होतं. १८२७ मधे पार्लमेंटच्या समितीने त्याची चौकशी केली तेव्हा जे बाहेर आलं ते आजही वाचवत नाही. ज्या पेशंटना कपड्यात लघवी-शौच व्हायची त्यांना गवत भरलेल्या लाकडी पेट्यांत नागडं झोपवून साखळीने बांधायचे, आणि शनिवारी दुपारी बांधलेलं माणूस सोमवारी सकाळीच सोडायचे. म्हणजे अख्खा रविवार त्याच घाणीत. सोमवारी बाहेर काढून अंगणात गार पाण्याने धुवायचे, थंडीतसुद्धा. का, तर रविवारी नोकरांची सुट्टी! मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच आहे. ती साखळी कुणा राक्षसाने मजेसाठी घातली नव्हती, रविवारी माणूस नाही म्हणून घातली होती. त्या चौकशीनंतर १८२८ चा कायदा आला आणि मिडलसेक्स काउंटीचा कारभार बघणाऱ्या मॅजिस्ट्रेट लोकांनी स्वतःचं सरकारी इस्पितळ बांधायचं ठरवलं.

पहिले सुपरिटेंडंट विल्यम एलिस. त्यांची बायको मिल्ड्रेड मेट्रन म्हणून सोबत आली, दोघांनी आधी यॉर्कशायरमधल्या वेकफिल्डचं इस्पितळ चालवलं होतं. एलिसचा भर कामावर, पेशंट बागेत, शेतात, बेकरीत, शिवणकामात गुंतले पाहिजेत. बरे होऊन बाहेर पडणाऱ्या गरिबांना हातात चार पैसे मिळावेत म्हणून त्यांनी राणी अ‍ॅडलेडच्या नावाने फंडही काढला होता. १८३५ ला त्यांना सर किताब मिळाला. बांधणं त्यांनी कमी केलं, पण बंद केलं नव्हतं. १८३८ मधे मॅजिस्ट्रेट मंडळाने डॉक्टरचे आणि कारभाराचे अधिकार वेगळे करायचं ठरवल्यावर ते सोडून गेले. त्यांच्या जागी मिलिंजन नावाचे लष्करातले जुने सर्जन आले, ते थोड्याच महिन्यांत गेले. तोपर्यंत इस्पितळ फुगून आठशे पेशंटपर्यंत पोचलं होतं.

आता जॉन कॉनोली. वय ४५. एडिंबराचा एमडी, लंडन युनिव्हर्सिटीत प्रोफेसर होता पण ते जमलं नाही, प्रॅक्टिस कधी नीट चालली नाही, पैशाची कायम ओढाताण. १८३८ मधे याच जागेसाठी अर्ज केला होता, तेव्हा त्याला डावलून मिलिंजनना घेतलं होतं. गंमत म्हणजे १८३० मधे त्यानेच एक पुस्तक लिहून सांगितलं होतं की बहुतेक मनोरुग्णांना असं कोंडायची गरजच नाही, घरी ठेवून उपचार होऊ शकतात. तोच माणूस १ जून १८३९ ला देशातल्या मोठ्यातल्या मोठ्या इस्पितळांपैकी एकाचा प्रमुख झाला. पण येण्याआधी तो एक फार महत्त्वाची गोष्ट करून आला, इंग्लंडमधल्याच लिंकन शहरातलं इस्पितळ बघून आला.

लिंकनची गोष्ट कळल्याशिवाय हॅनवेल कळणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. लिंकनचं इस्पितळ लहान, शंभर-सव्वाशे पेशंट. तिथे डॉ. चार्ल्सवर्थ बरीच वर्षं बांधायची साधनं कमी करत होते. १८२९ मधे विल्यम स्क्रिव्हिंजर नावाचा पेशंट रात्रभर स्ट्रेट जॅकेट घालून पलंगाला पट्ट्याने बांधून ठेवलेला होता, स्ट्रेट जॅकेट म्हणजे जाड कापडाचा लांब बाह्यांचा अंगरखा, बाह्या मागे नेऊन बांधतात, आणि सकाळी तो मेलेला सापडला. रात्री त्याच्यापाशी कुणी नव्हतं. त्यावर नियम झाला की रात्री कुणाला असं बांधायचं असेल तर एका अटेंडंटने रात्रभर त्याच खोलीत बसायचं. आणि मग काय झालं बघा. रात्री बांधायची गरजच झपाट्याने कमी व्हायला लागली! कारण माणूस तिथे बसलाच आहे तर पट्टा कशाला पाहिजे? पेशंट उठला तर तो बोलेल, पाणी देईल, परत झोपवेल. जोवर पट्टा फुकट होता तोवर तो रोज "आवश्यक" होता, त्याच्यासोबत एका माणसाची रात्र द्यायची म्हटल्यावर आवश्यकता संपली. रात्रपाळी केलेल्या कुणालाही हे लगेच पटेल.

तिथेच १८३५ पासून रॉबर्ट गार्डिनर हिल हा तरुण हाउस सर्जन होता. त्याने जुने रेकॉर्ड काढून बसून आकडे मांडले, किती जणांना किती तास बांधलं, आणि जिथे बांधणं कमी झालं तिथे मारामाऱ्या आणि अपघात वाढले नाहीत असं त्याला दिसलं. मग त्याने पूर्णच बंद केलं आणि १८३८ मधे जाहीर भाषणात सांगितलं की बांधणं कधीच गरजेचं नसतं, कधीच योग्य नसतं आणि नेहमी अपायच करतं. लोक हे वाक्य उचलतात पण त्याने त्याला दोन अटी जोडल्या होत्या त्या गाळतात. अटी अशा की इमारत नीट बांधलेली पाहिजे आणि योग्य अटेंडंट पुरेशा संख्येने पाहिजेत. तो उंच, धडधाकट, चपळ माणसं शोधायचा आणि त्यांना चांगला पगार दिला पाहिजे म्हणायचा. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, वर्तमानपत्रांतून आणि वैद्यकीय मासिकांतून टीका झाली, नोकर लोक उलटले, आणि १८४० मधे त्याला राजीनामा द्यावा लागला. नाव नंतर बहुतेक सगळं कॉनोलीचं झालं. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त श्रेय लिंकनचं आहे.

टीकाकारांचा मोठा मुद्दा हाच होता की शंभर पेशंटमधे ठीक आहे, आठशेत करून दाखवा. कॉनोलीने ते केलं.

हॅनवेलच्या वॉर्डांमधून बांधायची सगळी साधनं गोळा केली तेव्हा ती सहाशेच्या आसपास भरली, त्यातली निम्मी हातकड्या आणि पायांच्या बेड्या. शिवाय चाळीसेक खुर्च्या, जाड लाकडाच्या, त्यात माणसाला बसवून पोटावरून पट्टा आणि हातपाय जखडायचे, दिवसचे दिवस. बांधलेले पेशंट मात्र एका वेळी चाळीसच्या आसपासच असायचे. म्हणजे चाळीस माणसांसाठी सहाशे साधनं. ही साधनं अटेंडंटच्या हाताशी वॉर्डातच पडलेली असायची, डॉक्टरला विचारायची गरज नाही, पेशंट त्रास देतोय वाटलं की घातली.

कॉनोलीने पहिल्या दिवशी काहीही तोडलं नाही, मला हे फार आवडतं. त्याने आधी नुसतं बघितलं. मग १ जुलैपासून एक नियम केला, दररोज किती पेशंट बांधले याचा आकडा त्याच्याकडे आला पाहिजे. बस एवढंच. त्यानंतर एका दिवसात १८ च्या वर आकडा कधी गेला नाही. संध्याकाळी आपल्या वॉर्डचा आकडा साहेबांकडे जाणार आणि साहेब स्वतः येऊन विचारणार की याला का बांधलं, एवढ्यानेच निम्मं काम झालं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत खुर्च्या बंद झाल्या आणि मग वॉर्डातून उचलल्या. २१ सप्टेंबर १८३९ नंतर आठशेपैकी एकालाही बांधलेलं नव्हतं. जून ते सप्टेंबर, चार महिनेसुद्धा नाही.

पण मोकळ्या झालेल्या पेशंटचं करायचं काय, हे त्याला रोज सोडवावं लागलं आणि या प्रकरणातला खरा शिकण्याचा भाग तो आहे. कपडे फाडणारे पेशंट असायचे, पूर्वी त्यांचे हात बांधायचे, आता त्यांच्यासाठी जाड, शिवण मारलेल्या मजबूत कापडाचे कपडे शिवून घेतले, फाटणारच नाहीत असे. बूट काढून फेकणाऱ्यांसाठी बुटांना छोटं कुलूप. पांघरुणं फाडणाऱ्यांना गादीच्या जाड कापडात शिवलेली पांघरुणं. खिडक्यांना आतून जाळ्या, शेकोटीला पिंजरा. जो हातघाईवर येतो त्याला काही वेळ एका खोलीत एकटं ठेवायचं, भिंतींना आणि जमिनीला काथ्या भरलेल्या गाद्या लावलेल्या, म्हणजे डोकं आपटलं तरी इजा नको. अधूनमधून दारातल्या भोकातून बघायचं, आणि शांत झाला की लगेच बाहेर. रात्री वॉर्डातून फिरणारी माणसं ठेवली. घाण करणाऱ्या पेशंटना रात्री उठवून शौचाला नेलं की सकाळी पलंग कोरडा, असल्या साध्या गोष्टी. बेथनल ग्रीनच्या त्या पेट्या आठवा, तोच प्रश्न, फक्त रात्री उठवायला एक माणूस ठेवला.

आणि म्हणून कॉनोली सगळीकडे एकच पालुपद लावायचा, अटेंडंट. अटेंडंट चांगले पाहिजेत, जास्त पाहिजेत, त्यांना बरा पगार, बरं जेवण आणि मान पाहिजे, कारण डॉक्टर दिवसातून दोनदा फिरून जातो, पेशंटचा दिवस आणि रात्र यांच्याच हातात. मॅजिस्ट्रेट मंडळाला ते आवडायचं नाही, पैसे करदात्यांचे ना. मंडळात सार्जंट अ‍ॅडम्स नावाचे वकील होते ते पूर्णपणे त्याच्या बाजूने, ते नसते तर हे पहिल्याच वर्षात गुंडाळलं गेलं असतं असं मला वाटतं. बाहेरून टाइम्स वर्तमानपत्राने आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने पाठिंबा दिला, आणि लिंकनच्या हिलला जे मिळालं नाही ते लंडनजवळच्या कॉनोलीला मिळालं.

विरोध पण काही फालतू नव्हता, तोही नीट ऐकून घ्यायला हवा. एक आक्षेप असा की गादीच्या खोलीत कोंडणं म्हणजे बांधण्याचंच दुसरं रूप नाही का? माझं मत, काही प्रमाणात आहेच, आणि कॉनोलीने याचं समाधानकारक उत्तर कधी दिलं नाही. तो म्हणायचा अंधारकोठडी वेगळी आणि थोडा वेळ शांत जागा वेगळी, पण "थोडा वेळ" किती हे शेवटी अटेंडंटच ठरवणार, ना. दुसरा आक्षेप असा की पट्ट्याऐवजी चार माणसांनी दाबून धरणं जास्त धोकादायक, बरगड्या मोडतात. हे आजही वॉर्डात काम करणारे सांगतात आणि त्यात तथ्य आहे, दाबून धरल्याने पेशंट दगावल्याच्या घटना जगभर झाल्यात. अमेरिकेतल्या इस्पितळांच्या प्रमुखांनी १८४४ मधे आपली संघटना काढली आणि पहिल्याच बैठकीत ठराव केला की सगळं बांधणं पूर्ण बंद करणं पेशंटच्या हिताचं नाही. तिकडे त्यानंतर बरीच वर्षं पट्टे चालूच राहिले.

हॅनवेल मात्र प्रसिद्ध झालं. १८४२ पासून कॉनोली तिथे मेडिकलच्या विद्यार्थ्यांना पेशंटसमोर शिकवायला लागला, हे स्वप्न त्याचं युनिव्हर्सिटीत अपुरं राहिलं होतं. परदेशातून डॉक्टर बघायला यायचे. जानेवारी १८४८ मधे इलस्ट्रेटेड लंडन न्यूजने तिथल्या सणाच्या संध्याकाळचं मोठं चित्र छापलं, सजवलेला हॉल, दिवे, पेशंट नाचतायत. वीसेक वर्षांपूर्वी हेच लोक पेटीत बांधलेले असते.

पण कॉनोलीचं स्वतःचं काय झालं? १८४४ मधे मंडळाने त्याच्या डोक्यावर एक गव्हर्नर आणून बसवला, डॉक्टर नसलेला, शिस्तीचा माणूस. कॉनोलीने राहत्या प्रमुखाची जागा सोडली. गव्हर्नरचा प्रयोग काही महिन्यांतच फसला, पण कॉनोलीला पूर्ण अधिकार परत कधी मिळाले नाहीत, १८५२ पर्यंत तो बाहेरून येणारा डॉक्टर म्हणून राहिला. पुढे पोटासाठी खाजगी इस्पितळांच्या धंद्यात पडला, आणि १८५८ मधे एका जमीनदाराने कोर्टात खेचलं की मला वेडा ठरवणाऱ्या दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरला त्याच इस्पितळाकडून माझ्या फीमधला वाटा मिळत होता. तो डॉक्टर म्हणजे कॉनोली. ज्याने १८३० मधे विनाकारण कोंडू नका म्हणून पुस्तक लिहिलं त्याच्यावर ही वेळ. वाचताना वाईट वाटलं, पण लपवण्यात अर्थ नाही, आणि यामुळे १८३९ चं काम खोटं ठरत नाही. हॅनवेलचा सगळा अनुभव त्याने १८५६ मधे पुस्तकात लिहून ठेवला आणि १८६६ ला तो गेला.

त्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हॅनवेलचं पुढे काय झालं. १८४५ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला इस्पितळ बांधणं सक्तीचं झालं. त्यामुळे म्हातारे, फिट येणारे, मतिमंद, वर्कहाउसला, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घ्यायच्या सरकारी घरांना, नको झालेले असे सगळे इकडे पाठवायला लागले. मिडलसेक्सने १८५१ मधे कोल्नी हॅचला दुसरं प्रचंड इस्पितळ उघडलं, सुरुवातच साडेबाराशे पेशंटने. तेही भरलं. हॅनवेलवर मजले चढवले, १८६० नंतर तिथे दीड हजाराच्या वर पेशंट. अटेंडंट त्या प्रमाणात वाढले नाहीत. हिलच्या दोन अटींपैकी दुसरी अट गेली. आणि १८६९ मधे क्लोरल हे झोपेचं औषध आलं, त्यानंतर इस्पितळांमधे रात्र शांत ठेवायला एक चमचा पुरायला लागला. पट्टे कागदावर परत आले नाहीत, त्यांची गरज बाटलीने भागवली. मी औषधांच्या विरोधात अजिबात नाहीये, चांगल्या औषधांनी लाखो लोक घरी परतलेत, पण रात्री माणूस कमी आहे म्हणून दिलेला डोस हा उपचार नसतो.

आपल्याकडची जुनी इस्पितळं, नागपूर १८६४, रत्नागिरी १८८६, ठाणे १९०१, याच काळातली, इंग्रज सरकारने त्याच पद्धतीने काढलेली, तशीच कंपाउंडची भिंत, बागकाम, विणकाम. आणि बांधण्याचा प्रश्न आपल्यासाठी जुना झालेला नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीला एका खाजगी आश्रमासारख्या ठिकाणी पहाटे आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. पळता आलं नाही. लिंकनच्या स्क्रिव्हिंजरला १७२ वर्षं झाली होती तेव्हा.

२०१७ च्या आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ९५ ने साखळीने बांधणं कोणत्याही स्वरूपात बंद केलंय. त्याच्या थोडं पुढचं कलम ९७ लोकांना माहीतच नसतं. एकांतकोठडी नाही. बांधायचंच असेल तर तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसताना, सायकियाट्रिस्टच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की निव्वळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही. हे वाक्य कायद्यात कुणी टाकलं त्याला हा सगळा इतिहास ठाऊक असणार असं मला वाटतं. बांधल्याची प्रत्येक वेळ केस पेपरवर लिहायची, पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं, आणि महिन्याचा अहवाल मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा. कॉनोलीच्या १ जुलैच्या नियमाचीच ही पुढची पायरी.

तुमच्या घरातलं कुणी अ‍ॅडमिट असेल तर ही नोंद मागा. भेटायला गेलात की मनगटांकडे बघा. बांधलं होतं का, कधी, किती वेळ, परवानगी कुणाची, आणि आम्हाला का कळवलं नाही, हे नम्रपणे पण लेखी विचारा. आणि सोबत हेही विचारा की रात्री या वॉर्डात किती पेशंटमागे किती माणसं असतात. पहिल्या प्रश्नांना उत्तर टाळलं गेलं तर बहुतेक वेळा कारण या शेवटच्या आकड्यात सापडतं, आणि तिथे सिस्टर किंवा वॉर्डबॉयवर चिडून उपयोग नसतो, साठ जणांमागे एकटीला रात्र काढायला लावणारा वर बसलेला असतो, तक्रारीचा अर्ज त्याच्या नावाने द्या.